केंड्रेलच्या नावावर

जुलै उजाडला की गावातली फुटबॉलची पोरं आमच्या दवाखान्यात रांग लावतात. वार्षिक तपासणी झाली नसेल तर कोच मैदानात पाऊल ठेवू देत नाही. यंदा डॉक्टर फॉन्टेनोबाईंनी नवा नियम काढला: मुलींसारखी मुलांचीही लघवी तपासायची, क्लॅमिडियासाठी. या गुप्तरोगाचा मुलांना बहुधा पत्ताही लागत नाही. ते मजेत हिंडतात आणि भोगतात पोरी. मी इथली नर्स, अर्लीन. इतकी वर्षं हा ताप मुलींच्याच माथी होता, त्यामुळे नियम मला फार आवडला.

आमच्या चर्चचे पास्टर व्हिटलो आपल्या मुलाला, जोसायाला, घेऊन आले. तपासणीच्या वेळी आईबापांनी बाहेर बसायचं असतं. पास्टर आत बसले ते बसलेच. बाईंनी त्यांना नव्या तपासणीबद्दल विचारलं.

"आमच्या घरात त्याची गरज नाही," पास्टर म्हणाले.

अर्ध्या गावाची लग्नं त्यांनी लावलेली. त्यांच्यापुढे कोण बोलणार? जोसाया छताकडे बघत राहिला.

त्याच्यामागे रांगेत केंड्रेल होता, दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारा, मनानं कोकरू. त्यानं डबी भरून दिली. आठवड्यानं निकाल आला, रोग आहे. त्याला बोलावून घेतलं.

"शक्यच नाही, मॅडम," तो म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात, बाळा," बाई म्हणाल्या.

"मला मैत्रीणच नाही. एकीला विचारलं होतं, ती हसली."

"हसल्यानं होत नाही तो," मी म्हटलं. बाईंनी माझ्याकडे डोळे वटारले.

बाई गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगू लागल्या, तसा पोराचा धीर सुटला.

"ती लघवी माझी नव्हती! मी शनिवारी गांजा ओढला होता. वाटलं, नशेचीच तपासणी. टीममधून हाकललं असतं. एक मित्र म्हणाला, आण इकडे डबी, मी भरून देतो."

"कोण मित्र?" बाईंनी विचारलं.

"नाव नाही सांगणार."

"नको सांगू. पण तो औषधावाचून राहील. त्याची मैत्रीणही."

केंड्रेल घाम पुसत बसला. मग उठून गेला, आणि थोड्या वेळानं मागच्या दारानं जोसायाला दंडाला धरून घेऊन आला.

"हाच तो! म्हणे, माझ्यावर उपकार करतोय!"

जोसाया शांत होता. "नशेची तपासणी नाही, हे मला ठाऊक होतं. माझ्या मैत्रिणीला गेल्या महिन्यात याच रोगाच्या गोळ्या इथंच मिळाल्या. तिनं मला सांगितलं, तुलाही असणार."

"म्हणजे तू मला फसवलंस?"

"निकाल तुझ्याकडे येणार, तू माझ्याकडे येणार, बाबांना पत्ताही लागणार नाही. आलास ना?"

"लेका, मी तुझं नाव लपवत होतो!"

मी केंड्रेलला बाहेर काढलं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, एकटा आला असतास तरी चाललं असतं. बाबांना आम्ही सांगत नाही. त्या दिवशी मी विचारलं, तेव्हा का नाही बोललास?"

"मला कुठं विचारलंत, मॅडम? तुम्ही बाबांना विचारलंत."

मला त्या पोराची फार दया आली, आणि बाईंचीही. मग बाईंनी दार लावून घेतलं, खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि सगळं पहिल्यापासून विचारायला घेतलं, त्याला.