तीन नंबरचा शर्ट

“आधी शब्द द्या, मग पट्टी,” असं म्हणत तिनं चिकटपट्टीचं भेंडोळं पाठीमागे लपवलं.

नवरा गाडीच्या उघड्या डिकीत पाय खाली सोडून बसला होता. वय सेहेचाळीस, पोट शर्टाला न जुमानणारं. रग्बीत डोक्याला डोकं घासून कान फाटू नयेत म्हणून पट्टी गुंडाळावी लागते, आणि आज ती गुंडाळायला साक्षात बायको आली होती, हाडांच्या वॉर्डातली नर्स. तिच्यापुढे कुणाची काय बिशाद?

“दिला गं शब्द. आज सांगून टाकतो सगळ्यांना.”

“काय सांगणार?”

“हा शेवटचा सामना म्हणून. पुढच्या रविवारपासून मी गुणी माणूस.”

“मॅच संपली की मी समोर येऊन उभी राहणार. मग टाळाटाळ चालणार नाही.”

त्याच्या मानेचा एक्स-रे तिनं स्वतः उजेडात धरून पाहिला होता. मान मोडलेली माणसं तिच्या वॉर्डात महिनोन्‌महिने पडून असायची, बायकोच्या हातून पाणी पिणारी. तशी वेळ आपल्या घरावर यायला नको, एवढंच तिचं म्हणणं होतं. पट्टी लावून झाल्यावर तो कपडे बदलायच्या खोलीकडे गेला आणि ती मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिली.

लग्नाला अठरा वर्षं झाली, पण हा खेळ तिनं पाहिलाच नव्हता. रविवारी कधी ड्यूटी, कधी सासऱ्यांचं दुखणं, कधी मुलीची परीक्षा. तिला खेळ ठाऊक होता तो धुण्यातून. संघाचे सगळे शर्ट एका मोठ्या पिशवीत भरून पाळीपाळीनं एकेकाच्या घरी धुवायला जायचे. आपली पाळी आली की ती रक्ताचे डाग गार पाण्यात भिजवायची आणि खेळाचा उद्धार करायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर लिफ्टखालच्या खड्ड्यात वाकून काम, त्यामुळे घरी खुर्चीतून उठायचा तोही हप्त्याहप्त्यानं, दर हप्त्याला एक ‘आई गं’. मुलगी म्हणायची, “बाबा, आधी तुम्हालाच एक लिफ्ट बसवून घ्या.”

तर असा हा माणूस आता मैदानात वाकला. इकडचे आठ, तिकडचे आठ, एकमेकांच्या पाठीवरून हात घालून, खांद्याला खांदा भिडवून. याला स्क्रम म्हणतात, हे शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं तिला सांगितलं. तो पूर्वी याच संघातून खेळलेला, कान अजून चुरगळलेले. पंचानं इशारा केला आणि भरलेलं कपाट जमिनीवर आदळावं तसा आवाज झाला.

पण कोणीच पडलं नाही. पुढच्या रांगेत, उजव्या टोकाला, तीन नंबरचा शर्ट घातलेला तिचा नवरा पाठ पाटासारखी सपाट करून उभा होता. मागून सगळ्यांचा रेटा, पुढून सगळ्यांचा रेटा, आणि मधे ती झिजलेली मान. पाय चिखलात रुतले होते, पण हलत नव्हते.

“खांब म्हणतात त्याला,” म्हातारा म्हणाला. “तो वाकला तर सगळा डोलारा खाली.”

ती बघतच राहिली. घरात दुधाची पिशवी उचलतानाही कण्हणारा हाच का तो? एवढं बळ हा ठेवतो तरी कुठे?

सामना संपत आला तेव्हा नवऱ्याचा संघ दोनच गुणांनी मागे होता. चेंडू पलीकडे टेकवला की गुण मिळतात ती समोरच्यांची रेषा हाताच्या अंतरावर, पुन्हा स्क्रम, आणि समोरचे चक्क मागे सरकायला लागले. आणखी एक रेटा दिला की जिंकलेच. ती दोरी धरून ओरडत होती, आणि आपण ओरडतोय हे तिलाही कळत नव्हतं.

तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, “मान!”

लगेच तिच्या नवऱ्याचा आवाज आला, “मान! मान! थांबा!”

आणि सोळाच्या सोळा माणसं जागच्या जागी थांबली. एकानंही पुढे ढकललं नाही, एकानंही सोडून दिलं नाही. तिच्या नवऱ्यानं उजव्या हातानं समोरच्या धिप्पाड गड्याचा शर्ट मुठीत धरून त्याला तोलून धरलं होतं, आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला अलगद गुडघ्यांवर टेकवलं. वॉर्डात रुग्णाची कूस बदलताना चौघं जण जेवढं जपतात, तेवढंच जपून.

गडी उठला, मान फिरवली, ठीक होता. स्क्रम पुन्हा लागला, पण तो रेटा काही परत आला नाही. नवऱ्याचा संघ हरला.

“खरंच दुखलं होतं का हो त्याला?” तिनं विचारलं. “की हरतोय म्हणून...”

“ते विचारायचं नसतं,” म्हातारा म्हणाला. “मान म्हटलं की रेटा थांबवायचा. आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही.”

तिला हसू येत होतं आणि रडूही. चिखल तुडवत ती नवऱ्यापाशी गेली.

“अहो, ऐका ना. आज नका सांगू. पुढच्या आठवड्यात बघू.”

तो पट्टी सोडवत होता. “सांगितलं की. कपडे बदलतानाच. तुला शब्द दिला होता ना?”

पाठीमागे दोन्ही संघ समोरासमोर दोन रांगा करून उभे राहिले होते. तो धिप्पाड गडी ओरडला, “खांबसाहेब, या!” नवरा मधून चालत गेला, खाली मान घालून, नव्या नवरीसारखा लाजत, आणि दोन्हीकडून टाळ्या वाजत राहिल्या.

शर्टांची पिशवी त्यानं त्या दिवशी मागून घेतली. पाळी नसताना.

दुसऱ्या दिवशी तिनं शर्ट धुतले आणि गच्चीत वाळत घातले. एक, दोन, तीन, ओळीनं. मग काय मनात आलं कोण जाणे, एकाची बाही दुसऱ्यावरून टाकून तिनं चिमटा लावला. कामावर निघालेला नवरा हत्यारांची पेटी खाली ठेवून बघत राहिला.

“तसं नाही गं. दोनचे हात दोघांच्या खांद्यांवरून. आणि तीनचा डावा हात दोनच्या पाठीमागून. हा असा.” त्यानं चिमटे बदलले. तीनची उजवी बाही तेवढी मोकळी लोंबत राहिली.

“आणि हा हात?”

“तो समोरच्याला धरायला.”

तो जिना उतरून गेला. एकेक पायरी, कण्हत. तिनं ती ओली बाही थोडा वेळ हातात धरून ठेवली.