माल धरायच्या आत

जिप्समला मुरवत नाही. सिमेंट त्या मानाने समजूतदार. तुमचा चहा होऊ देतं, एखादा फोन होऊ देतं, आणि भिंतीवर चढल्यावरही कितीतरी दिवस पाणी मागत पडून राहतं. जिप्समला वाळू नको, नंतर पाणी मारायची कटकट नको, वाळलं की रंग लावायला मोकळे. म्हणून तर हल्ली ज्याला त्याला घरात तेच हवं असतं. पण पाण्यात भुकटी पडली की कपातला चहा निवायच्या आत माल भिंतीवर चढला पाहिजे, पसरला पाहिजे आणि घोटून झाला पाहिजे. नाही झाला, तर घमेल्यात दगड. मग कितीही हातापाया पडा.

या हट्टी भुकटीशी ज्याने उभा जन्म बरोबरीने भांडण केलं, त्याला सगळे आरसामिस्त्री म्हणत. त्याने घोटलेल्या भिंतीवरून हात फिरवला की हात थांबायचं नाव घेत नसे. पेंटर लोक त्याच्यावर खार खाऊन असत, कारण खड्डे भरायचं त्यांचं काम तो आधीच खाऊन टाकायचा. तो परांचीवर आणि खाली माल कालवायला त्याची बायको. लग्नानंतर ती जी बादलीशी बसली ती बसलीच. केस पांढरे झाले ते निम्मे वयाने आणि निम्मे भुकटीने, असं ती स्वतःच सांगायची.

मिस्त्रीचं मनगट जड झालंय हे तिला आधी कळलं. त्याला कळलं नाही, कारण त्याला ते कळून घ्यायचंच नव्हतं. घमेल्यात तळाशी माल उरायला लागला, थापीला चिकटून घट्ट व्हायला लागला. मिस्त्री गोणीला शिव्या द्यायचा, माल शिळा आहे म्हणायचा. पाणी जड आहे म्हणायचा. एकदा तर त्याने वाऱ्यालाही सोडलं नाही. जगात शिव्या द्यायची एकच गोष्ट त्याने शिल्लक ठेवली होती, ती म्हणजे स्वतःचा उजवा हात. पण रात्री झोपेत तोच हात तो डाव्या हाताने दाबत असायचा.

छतासाठी नक्षीच्या पट्ट्या ओतणारी माणसं पाण्यात लिंबूसत्वाची चिमूट टाकतात, म्हणजे माल जरा उशिरा धरतो, घट्ट व्हायला वेळ घेतो, हे तिने ऐकलेलं होतं. लिंबूसत्व घरात होतंच. तिने एक पुडी कमरेला खोचली आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीची पाठ असताना चिमूटभर पाण्यात सोडलं. त्या दिवशी घमेलं रिकामं झालं. मिस्त्री खुशीत आला. परांचीवरून खालच्या गवंड्यांची टिंगल करत राहिला, आणि घरी येताना म्हणाला, बघितलंस, नवीन गोण्या आल्या तर कसा फरक पडला. ती बरं म्हणाली. त्याला इतकं खुश बघून तिला बरं वाटलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली. पुढे मनगट जसं आणखी जड होत गेलं, तशी चिमूट मोठी होत गेली.

मग ते सभागृहाचं काम आलं. ठेकेदाराने सांगून ठेवलं होतं की छत एकसंध हवं, कुठेही सांधा दिसता कामा नये, कारण वर दिवे लागणार आणि दिवे सगळं उघडं पाडतात. हे छत नीट झालं तर पुढच्या इमारतीतही मिस्त्रीच. नाही झालं तर माल फवारणारं यंत्र येणार, आणि यंत्राला मिस्त्री लागत नाही. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं आणि बिनकाचांच्या खिडक्यांतून गरम वारा आरपार जात होता. तिने चिमूट सोडली आणि मूठ भरली. एका बादलीत नाही, दर बादलीत.

मिस्त्री राजासारखा घोटत राहिला. संध्याकाळी छत असं दिसत होतं की ठेकेदार मान वर करून नुसता उभा राहिला, आणि जाताना त्याने मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या छताला रंग लावायला पेंटर चढला आणि पॉलिशपेपरचा पहिला हात मारताच त्याच्या डोळ्यांत पांढरा पाऊस पडला. त्याने बोट टेकवलं, तर बोट आत गेलं. नंतर खिडकीजवळचा मोठा पापुद्रा सुटून खाली आला आणि जमिनीवर त्याचं पीठ झालं. पेंटर खाली उतरून ज्याला त्याला ते पीठ दाखवत हिंडला. इतक्या वर्षांची खार त्याने एका सकाळीत वसूल केली.

तिला बघताक्षणी समजलं. लिंबूसत्वाने माल इतका लांबवला की तो धरायच्या आतच वाऱ्याने त्यातलं पाणी ओढून नेलं. माल वाळला, पण बसला नाही. मिस्त्री परांचीवर चढला, त्याने छताला तळवा लावला आणि तळवा पांढराफटक होऊन परत आला. ठेकेदार ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. म्हणाला, मिस्त्री, वय कुणाला सुटलंय, उद्यापासून गोण्यांवर लक्ष ठेवायला बसा.

घरी आल्यावर मिस्त्रीने ताट बाजूला सारलं. थापी धुऊन पुसून त्याने कपड्यात गुंडाळली.

"माझा हात गेला गं," तो म्हणाला. "मला कळलंसुद्धा नाही."

छत त्याच्या हाताने बिघडलं नव्हतं, हे सांगितलं तर त्याला सुटल्यासारखं होईल. पण पुढचाच प्रश्न येईल की मग लिंबूसत्व टाकलंस कशाला. त्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्या तोंडून निघणार नव्हतं. तरी त्याची ती खाली गेलेली मान तिला बघवेना.

"हात नाही हो गेला," ती म्हणाली. "मी पाण्यात लिंबूसत्व टाकलं होतं. ऊन फार होतं, माल लवकर धरेल म्हणून. जास्त पडलं."

मिस्त्रीने मान वर केली. मग त्याचा चेहरा उजळला. मग तो भडकला, तिच्या अकलेचे वाभाडे काढले, इतक्या वर्षांत एवढंही कळलं नाही का म्हणून विचारलं, आणि बोलता बोलता ताट पुढे ओढून जेवायला बसला. वर आणखी वाढून घेतलं. समोर बसून ती त्याला वाढत होती.

सकाळी तो तिला जवळजवळ ओढतच ठेकेदाराकडे घेऊन गेला. बायकोने घोळ घातला, मला निव्वळ मालावर एक तुकडा करून दाखवू द्या, म्हणाला. ठेकेदाराने तिला विचारलं, तिने मान डोलावली. त्याने छताचा कोपऱ्यातला एक तुकडा नेमून दिला. बातमी पसरायला वेळ लागला नाही. पेंटर आला, गवंडी आले, काम सोडून सगळे सभागृहात जमले.

मिस्त्रीने नळावर स्वतः बादली भरली. ती कुणाच्या हातात दिली नाही. तिला त्याने दारापाशी उभं राहायला सांगितलं, सगळ्यांदेखत, आणि माणसं हसली. परांचीवर बादली पायांत धरून त्याने स्वतः भुकटी सोडली, स्वतः कालवली आणि पहिली थापी मारली.

पहिला पट्टा छान ओढला गेला. दुसरा जरा थांबून. तिसऱ्याला थापीचा आवाज बदलला. तो आवाज दारापाशी तिला ऐकू आला आणि तिने डोळे मिटून घेतले. माल धरायला लागला होता. मिस्त्री घाई करायला गेला, पण घाई मनात होती, मनगटात नव्हती. चौथ्या ठिकाणी माल फाटला, ओरखडे उमटले, आणि थापीवरचा गोळा तिथेच बसला. खाली जमलेल्यांनी नजरा वळवल्या. पेंटरनेसुद्धा.

"मी पाण्यात मीठ टाकलंय," ती ओरडून म्हणाली.

सगळे वळले. मिठाने जिप्सम चटकन धरतं, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. पुढे येऊन ती ठेकेदाराला म्हणाली की काल घरी वाटेल तसं ऐकून घ्यावं लागलं, आज सगळ्यांसमोर माझी लाज गेली, म्हणून रागाने टाकलं. यांचा काही दोष नाही. ठेकेदाराचं तोंड कडू झालं. अशी बाई मी कामावर पाहिली नाही, असं म्हणून त्याने तिला आवाराबाहेर व्हायला सांगितलं, आणि वर बघत म्हणाला की मिस्त्री, दुसरी बादली भरा, पुन्हा करा.

मिस्त्रीने खाली पाहिलं. नळापासून इथपर्यंत ती बादली त्याच्या हातातून सुटली नव्हती. त्यात मीठ नव्हतं हे सबंध सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं. आपल्या बायकोला लिंबूसत्व कशासाठी लागत होतं, हेही आता त्याच्या लक्षात आलं. नुसतं हो म्हटलं की झालं असतं. आणखी एक बादली मिळाली असती. तिच्याकडे बघता बघता त्याचा चेहरा म्हातारा झाला.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "पाण्यात काही नव्हतं. पाणी मी भरलंय. तिला बोलू नका."

तो एकेक पायरी चाचपत खाली उतरला. माणसं बाजूला झाली. त्याच्या हातातली थापी तशीच होती, वर घट्ट झालेला माल घेऊन, आणि ती ठेवायला गेला तर बोटं उघडेनात. दांड्याभोवती मूठ आवळून बसली होती. तो दुसऱ्या हाताने खटपट करत राहिला, तेव्हा ती पुढे झाली आणि तिने एकेक बोट सोडवलं.

"रडू नकोस," तो हळूच म्हणाला, "सगळे बघतायत." त्याच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.