मयूर विहारचा भुसाखाऊ हत्ती

हत्ती म्हणून हाक मारली की या घरात मीच ओ देतो. चार पाय नाहीत, सुपाएवढे कान नाहीत. पण सोंड आहे, आणि ती चांगली लांब आहे. लाकूड कापताना उडणारा भुसा मी त्या सोंडेनं ओढून घेतो. जाड भुसा माझ्या पोटात, म्हणजे खालच्या पिंपात पडतो. बारीक धूळ वरच्या मोठ्या कापडी पिशवीत अडकते आणि स्वच्छ हवा तेवढी बाहेर जाते. माझं काम एवढंच, पण त्याचा मला फार अभिमान आहे.

माझा जन्म फरीदाबादच्या एका लहानशा कारखान्यात झाला. टेंपोत बसून मी मयूर विहारच्या या सोसायटीत आलो. घर तळमजल्यावरचं. मालक श्यामकांतराव केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी गाडी विकून गॅरेजमध्ये विजेची करवत बसवून सुतारकाम मांडलं. दिल्लीत बाजारात मिळतो तो इवलासा चकला. मराठी बायकांना पोळी ऐसपैस लाटायला मोठा, तीन पायांचा पोळपाट लागतो. श्यामकांतराव शिसवीचे असे पोळपाट करू लागले आणि दूरदूरची मराठी घरं त्यांना शोधत येऊ लागली.

पण त्यांच्या पत्नीला, अलकनंदाबाईंना, दमा. गॅरेजचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. त्यांनी एकच अट घातली होती. भुसा घरात आला तर करवत बंद. त्या अटीपोटी मी आलो. मग कणकेत भुसा नाही की देवाच्या तसबिरीवर धूळ नाही. बाई दार उघडं ठेवून भाजी निवडत बसायच्या आणि आतून नवऱ्याशी गप्पा मारायच्या. त्या गप्पा माझ्या घरघरीवरून चालत, म्हणून दोघंही जरा मोठ्यानंच बोलत.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. एका वर्षी श्यामकांतरावांनी करवत पुसली, पटाशांना धार लावली. बाईंच्या मनात आलं, सगळ्यांचं न्हाणं झालं, मग हत्तीनंच काय घोडं मारलंय? त्यांनी माझी पिशवी उतरवली, साबणानं खळखळून धुतली, उन्हात वाळवली आणि परत चढवली. मला हळद-कुंकू लावलं, सोंडेला झेंडूची माळ घातली. मी नुसता फुलून गेलो होतो.

दुसऱ्याच दिवसापासून माझा जीव घुसमटायला लागला. पंखा फिरे, पण सोंडेत जोरच नाही. भुसा करवतीभोवती उडत राही आणि बारीक धूळ दारातून घरात जाई. दिल्लीची हवा त्या दिवसांत तशीही जड झालेली असते. बाईंचा खोकला वाढला. श्यामकांतरावांनी सोंड झटकली, पंखा उघडून पुसला, सांधे आवळले. दोष काही सापडेना.

रविवारी मुलगा गुणवंत नोएडाहून जेवायला आला. आईचा खोकला ऐकून त्याचा घास हातातच राहिला.

"बाबा, बस झालं यार. बाहेर अशी हवा, त्यात तुमचा हा भुसा. आईपेक्षा पोळपाट मोठे आहेत का?"

श्यामकांतरावांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "नाहीत. कीर्तिनगरचा एक दुकानदार सगळं घ्यायला तयार आहे. परवा बोलावतो त्याला."

त्यांनी करवतीवर जुनी चादर टाकली. ती टाकताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुकानदार यायच्या दिवशी बाई माझी पिशवी काढायला आल्या. वस्तू परक्याकडे जायची तरी नीट घडी करून द्यावी, असा त्यांचा स्वभाव. पण घडी होईना. कापड पापडासारखं कडकड वाजत होतं. बाई थांबल्या. त्यांनी पिशवी ओठांशी धरली आणि जोरात फुंकर मारली. मग पदरानं तोंड पुसून पुन्हा मारली.

"अहो, इकडे या. हिच्यातून श्वासच जात नाहीये. हत्तीलाही माझ्यासारखाच दमा झालाय."

श्यामकांतरावांनी कापड चोळून पाहिलं. "हे असं कडक कशानं झालं?"

"मी खळ घातली होती ना," बाई हळूच म्हणाल्या. "सणाचा दिवस. तुमच्या सदऱ्याला घालते तेवढीच."

श्यामकांतराव असे हसले की त्यांनाच ठसका लागला. फोनवर गुणवंतला सांगितलं तर तो विचारतो, खळ म्हणजे काय? बाई म्हणाल्या, "कलफ रे बाबा, कलफ."

बाईंनी लगेच कढत पाणी काढलं. पिशवी त्यात बुडवायची, पिळायची, ते पांढरट पाणी फेकायचं आणि नवीन घ्यायचं. पाणी नितळ येईपर्यंत त्या उठल्या नाहीत. नाकाला ओला रुमाल बांधला होता. शेजारी बसून श्यामकांतराव बादल्या भरून देत होते.

तेवढ्यात बेल वाजली. टेंपो घेऊन कीर्तिनगरचा दुकानदार दारात उभा होता. बाई तशाच ओल्या हातांनी बाहेर गेल्या.

"भैया, चाय पीके जाइए," त्या म्हणाल्या. "पर हाथी नहीं जाएगा."

आता माझा रंग उडालाय आणि सोंडेला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे. पण पिशवी दर आठवड्याला नुसती झटकली जाते, आणि नाकाला रुमाल बांधून ते काम बाईच करतात, दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. तुमच्या घरी माझं एखादं भावंड असेल तर त्यालाही तेवढंच हवं असतं. पिशवी झटका, पिंप रिकामं करा, थोडा श्वास घेऊ द्या. आता निरोप द्या. शिसवीची फळी करवतीवर चढली आहे, आणि स्वयंपाकघराचं दार सताड उघडं आहे.