न हललेला ठिपका

मित्रांनो, ज्याच्यासमोर कुणी कधी हसून उभे राहिले नाही, असा मी एक जुना कॅमेरा आहे. गॅमा कॅमेरा. माझ्यासमोर माणसे आडवी होतात आणि पाऊण-पाऊण तास हलत नाहीत.

कारखान्यात मला दोन चपटी डोकी मिळाली. प्रत्येक डोक्यात एक मोठा स्फटिक बसवला. हा स्फटिक फार नाजूक. खोलीतला गारवा एकदम कमी-जास्त झाला, तर त्याला तडा जातो. म्हणून रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या माझ्या खोलीत एसी बारा महिने चालू असे.

लोकांना वाटते, मी किरण सोडतो. मी काहीच सोडत नाही. रुग्णाला शिरेतून थोडेसे किरणोत्सारी औषध देतात. ते ठरावीक पेशींना जाऊन चिकटते आणि तिथून किरण बाहेर येतात. मी ते फक्त टिपतो. काही गाठी वाटाण्याएवढ्या असतात, पण रक्तात भलतीच रसायने सोडून माणसाला सळो की पळो करतात. त्यांना न्यूरोएंडोक्राइन गाठी म्हणतात. त्या शोधणे हे माझे खास काम.

एकदा बसच्या एक कंडक्टर बाई आल्या. सोबत थोरली नणंद होती. पाच वर्षे बाईंचा चेहरा मध्येच लालबुंद व्हायचा आणि पोट असे बिघडायचे, की चालू फेरीत बस थांबवून धावावे लागायचे. प्रवासी कुजबुजायचे, "पिऊन आलीये वाटतं." घरचे म्हणायचे, वयामुळे होते. सोनोग्राफीत काही निघाले नव्हते. शेवटी लघवीच्या एका तपासणीत संशय आला, म्हणून त्यांना माझ्याकडे धाडले होते.

औषध टोचल्यावर दुसऱ्या दिवशी फोटो काढले. माझे डोके खाली आले तशा बाई म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणाले. आता हे माझ्याच अंगावर सरकतंय!"

पडद्यावर पोटाच्या उजव्या बाजूला एक फिकट ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, "आतड्यात उतरलेलं औषधच असणार. थोडं औषध तिथूनही बाहेर पडतं."

मला चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाई पडद्यावरून नजर काढेनात. "सर, तसं असेल तर उद्यापर्यंत ते जागा सोडेल. उद्या परत काढू या का?"

डॉक्टरांनी पडद्याकडे पुन्हा पाहिले. "काढा."

कंडक्टर बाई मात्र ऐकेनात. "मला नाही जमणार. रजा संपल्यात. आणि निघायचं काय त्यातून? आजवर कुठे काय निघालंय?"

तेवढ्यात नणंद म्हणाली, "वहिनी, उद्या यायचं. डेपोत मी जाते, साहेबांशी मी बोलते."

"तुम्हीच म्हणायचात ना ताई, मनाचे खेळ आहेत म्हणून?"

"म्हणायचे. चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या.

आतड्यातले बाकीचे औषध पुढे सरकले होते. तो ठिपका मात्र तसूभरही हलला नव्हता. आजूबाजूचा धूसरपणा ओसरल्यामुळे यकृताच्या कडेलाही दोन बारीक ठिपके दिसले. डॉक्टर स्वतः माझ्या खोलीत येऊन दोघींजवळ बसले आणि त्यांनी सगळे समजावून सांगितले.

"म्हणजे खरंच काहीतरी आहे?" बाईंनी विचारले.

"आहे."

बाईंनी पदराने तोंड झाकले आणि त्या रडू लागल्या. नणंदेने त्यांचा हात धरला. रोग सापडला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

आतड्यातली गाठ आणि यकृताचा कडेचा भाग शस्त्रक्रियेने काढला. आजार कायमचा गेला असे कुणी म्हणाले नाही. महिन्याला एक इंजेक्शन सुरू राहिले. पण पुढच्या तपासणीला बाई गणवेशात आल्या, कारण इथून थेट ड्यूटीवर जायचे होते.

पुढे शेजारच्या खोलीत नवे पेट स्कॅन यंत्र आले. जे माझ्याकडे दोन-तीन दिवसांत व्हायचे, ते तिथे दोन-तीन तासांत होते आणि मला कधी दिसले नसते असे ठिपकेही त्याला दिसतात. हे खरे आहे. मी मागे पडलो यात कुणाचा दोष नाही. मात्र हाडांचे फोटो मी अजून काढू शकलो असतो. माझ्या खोलीत अडगळीची खोकी आली आणि एका सुट्टीत कुणीतरी वीज वाचवायला एसी बंद केला. माझा स्फटिक तडकला. उद्या माझे भाग सुटे करणार आहेत.

मित्रांनो, यंत्रे जपून वापरा, हे तर खरेच. पण घरातले कुणी पुन्हा पुन्हा "मला बरं वाटत नाही" म्हणत असेल, तर आधी त्यावर विश्वास ठेवा. गाठ शोधायला मला तीन दिवस लागले. त्या बाईंना माझ्यापर्यंत पोचायला पाच वर्षे लागली.