नुसते डावे बूट

वाटेत चोरीला जाऊ नयेत म्हणून डावे बूट एका खोक्यात आणि उजवे दुसऱ्यात भरायचे, ही अक्कल तिचीच. निघताना मदत संस्थेतल्या सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती. आता भूकंपाने आडव्या केलेल्या या परक्या गावात, शाळेच्या एका वर्गात, तीन दिवस ती नुसत्या डाव्या बुटांचा ढीग राखत बसली होती. उजवे कुठल्या विमानतळावर अडकले, देव जाणे! "उद्या येतील," असं दुभाष्याकरवी सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता, आणि पाठीचा काटा तर कधीच ढिला झाला होता.

चौथ्या दिवशी एक म्हातारी आली, पायात फाटके मोजे घालून. तिने ढिगातून दोन डावे बूट उपसले, दोन्ही पायांत चढवले आणि वर्गातच एक फेरी मारली.

"अहो आजी, उजव्या पायाला चावेल तो," ही काकुळतीला आली. "उद्यापर्यंत थांबा ना."

दुभाष्याने ते सांगितलं. म्हातारीने हात झटकला.

"पाण्याच्या रांगेपर्यंतच तर जायचंय, पोरी. घरी जायचं असतं, तर थांबले असते."