रिकाम्या चिपचा रंग

डब्याचं झाकण फरशीवर पडलं, आणि पडल्याजागी गप्प बसेल तर ते झाकण कसलं! स्वतःभोवती गरगर फिरत, आवाज बारीक करत करत, अगदी सवडीने थांबलं. तोवर घरातल्या दोघी जिथल्या तिथे श्वास धरून उभ्या. सासूबाई ओट्याशी, आणि ती दारात, एक पाय चपलेत घालून. आतल्या खोलीत मुंगी नुकतीच झोपली होती. चार वर्षांची पोर, पण रविवारी दुपारी तिला झोपवणं म्हणजे पारा चिमटीत धरणं.

आतून नुसती कूस बदलल्याची चाहूल आली. पुन्हा सगळं शांत.

"जा आता, निघ," सासूबाई कुजबुजल्या. "तू इथे उभी असलीस की तिला झोपेतसुद्धा कळतं."

"दोन तासांत येते, आई."

"तुझे दोन तास मला ठाऊक आहेत. त्यात माणसाची एक झोप, एक आंघोळ आणि एक भांडण होऊन जातं."

"मंगळवारपर्यंतच हो. मंगळवार पार पडला की रविवार आपला."

सासूबाईंनी झाकण उचललं, पदराने पुसलं. "असं तू थंडीपासून म्हणतेयस," एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, भांडता तरी आलं असतं. मुंगीच्या बाबालाही रविवारीच ड्यूटी लागलेली, त्यामुळे भांडायला तोही घरात नव्हता.

बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. आईपणाच्या आणि नोकरीच्या मधे जो काही वेळ तिच्या वाट्याला येई तो हाच, बसमधला. आणि तोही ती झोपून घालवी. दुकानांची शटरं ओढलेली, रस्ता कसा सुस्तावलेला. सगळं जग जेवून लवंडलं होतं आणि ही निघाली होती पेशींना भरवायला.

हो, भरवायलाच. प्रयोगशाळेत सगळे तोच शब्द वापरत. माणसाच्या यकृतातून आलेल्या पेशी, नखाएवढ्या चिपांवर वाढवलेल्या. चिप सिलिकॉनची, पण साधी आरशासारखी सपाट नव्हे. तिला आम्लात बुडवून वीज सोडायची, मग तिच्या अंगाला स्पंजासारखी छिद्रं पडतात, डोळ्यांना न दिसणारी. छिद्रं दिसत नाहीत, रंग मात्र दिसतो. हिरवा, कडेला जांभूळझाक, मोराच्या मानेसारखा. कसली वाफ छिद्रांत शिरली की हिरव्याचा तांबूस होतो. अशा चिपवर यकृताच्या पेशी वाढवायच्या, वरून नवं औषध घालायचं, आणि औषध विषारी असलं तर माणसाच्या आधी ते चिपला कळायचं. कल्पना अशी देखणी, की पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. आता येत नव्हता. पेशींना कशाची सुट्टी नसते. एक दिवसाआड जुना पोषणद्रव काढा, नवा घाला. सण असो, ताप असो, पोरीचा वाढदिवस असो.

मंगळवारी एका मोठ्या दवाखान्याची माणसं ते बघायला येणार होती. "त्यांनी मान डोलावली की तुझी जागा कायमची," प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, "आणि भरवायला हाताखाली माणूस. नाही डोलावली तर मात्र या महिन्यानंतर मला काही सांगता येणार नाही." मॅडम वाईट नव्हत्या. त्याही थकलेल्याच होत्या, फक्त जास्त वर्षांपासून.

प्रयोगशाळेत आम्लराव आधीच हजर होता. त्याचं खरं नाव हजेरीपटापुरतं. चिपांना छिद्रं पाडायचं काम त्याचं, म्हणून आम्लराव. तोंडावर पारदर्शक ढाल, हातात दुहेरी मोजे, आणि त्या अवतारातही गुणगुणणं चालू.

"आलात, ताई? लेकरं रडून रडून झोपली तुमची."

"कुठली? घरची की इथली?"

"घरची रडतात तेव्हा निदान आवाज तरी येतो."

ती हसली आणि कामाला लागली. आज भरवणं होतंच, शिवाय मंगळवारच्या आधीची शेवटची रंगाची परीक्षा. चिपा प्लेटच्या एकेका खळग्यात ठेवलेल्या असत; त्यांच्यावरच्या पेशींवर पिवळा रंग घालायचा. पेशी जिवंत असतील तर त्यांच्या श्वासोच्छ्वासाने तो जांभळा होतो, मेलेल्या असतील तर पिवळाच राहतो. सिलिकॉनच्या आरपार दिसत नाही, त्यामुळे त्यांच्या खोलीतला खालून बघणारा सूक्ष्मदर्शक तिथे आंधळा. वरून बघणारा शेजारच्या विभागात होता, पण त्याची पाळी लागायला पुण्य लागे. म्हणून सगळी भिस्त या रंगावर. आणि रंग आजवर कधी उलटला नव्हता. दर वेळी जांभळा, दर वेळी मॅडमचा चेहरा उजळलेला.

रंग घालताना फोन वाजला.

"उठली गं," सासूबाई म्हणाल्या. "घे, बोल. माझं ऐकत नाही."

"आई," मुंगीचा झोपाळलेला आवाज, "तू आत्ता कोणाला भरवतेस?"

"पेशींना, बाळा."

"त्यांना स्वतःच्या हाताने जेवता येत नाही?"

"नाही ना."

"मला येतं," मुंगी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मोजे बदलून ती परत बसली तेव्हा डोळ्यांपुढची प्लेट जराशी पाणावलेली होती. उरलेल्या खळग्यांत रंग घातला, प्लेट इन्क्युबेटरच्या उबेत सरकवली आणि बाहेर बाकावर आम्लरावशेजारी चहा घेत बसली. तो आपल्या मेव्हण्याच्या गाडीची गोष्ट सांगत होता. ती हूं हूं म्हणत होती.

वेळ भरल्यावर प्लेट बाहेर काढली. जांभळी. छान जांभळी. शेवटची रांग तर इतकी गडद, की तिला वाटलं, वा, या तर सगळ्यांत गुटगुटीत निघाल्या.

आणि मग तिने रांगा पुन्हा मोजल्या.

शेवटच्या रांगेत पेशी नव्हत्याच. त्या चिपा आम्लरावने कालच कोरलेल्या, धुऊन नुसत्या ठेवलेल्या. त्यांच्यावर पेशी उद्या घालायच्या होत्या. फोननंतरच्या तंद्रीत तिने रिकाम्या खळग्यांतही रंग ओतला होता.

रिकाम्या चिपा जिवंत निघाल्या होत्या. जिवंतांपेक्षा जास्त जिवंत.

"आम्लराव," तिने हाक मारली. "ढाल काढा आणि इकडे या."

त्याने पाहिलं. गुणगुणणं थांबलं. "चुकून पेशी पडल्या असतील, ताई."

"मग परत करू. तुमच्याकडच्या ताज्या चिपा द्या. हात न लागलेल्या."

परत केलं. वाट पाहिली. पुन्हा जांभळा. पेशीचा मागमूस नाही, तरी जांभळा.

मग सगळं उलगडत गेलं, स्वेटरचा धागा ओढावा तसं. ताज्या कोरलेल्या चिपच्या छिद्राछिद्रांत हायड्रोजन चिकटलेला असतो. तोच रंग पालटवत होता, पेशींचा श्वास नव्हे. भट्टीत भाजून घेतल्या असत्या तर चिपांवर काचेसारखी साय धरली असती आणि हा घोटाळा झाला नसता. पण भाजल्या की मोरपंखी रंग उतरतो, म्हणून मॅडमनी कच्च्याच वापरायला सांगितल्या होत्या. आणि ताळा बघायला रिकामी चिप कधी ठेवलीच नव्हती का? ठेवली होती की! दर वेळी ठेवली होती. पण ती सपाट, बिनछिद्रांची. छिद्रांच्या चिपा इतक्या कष्टाने बनत, की रिकामी वाया घालवायची म्हणजे जिवावर येई. काटकसर केली होती त्यांनी. सगळ्यांनी मिळून, शहाणपणाने.

रविवार असल्याने शेजारच्या विभागातला सूक्ष्मदर्शक मोकळा होता. पहारेकऱ्याने किल्ली दिली. जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या लाल उजळतील असं द्रव्य तिने महिनोन् महिने भरवलेल्या चिपांवर घातलं, दिवा मालवला आणि डोळा लावला.

अंधार. कुठे कुठे एखादा लाल ठिपका, फाटक्या चिंधीसारखा. हिरवं काही नाही. दुसरी चिप, तिसरी चिप. ती बघत राहिली, जणू फार वेळ बघितलं तर कुणीतरी डोळे उघडेल.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, ते हे. थंडीपासून ती पालथ्या घड्यावर पाणी घालत होती, तेही अगदी निर्जंतुक करून, सदतीस अंशांवर कोमट करून.

"कधी मेल्या असतील?" आम्लरावने हळूच विचारलं.

"काय माहीत. कदाचित पहिल्याच आठवड्यात."

तो म्हणाला, "ताई, एक बोलू? रागावू नका. मंगळवारी दाखवा की जांभळं. दवाखान्यातले काय रिकामी चिप मागणार आहेत थोडेच? तुमची जागा पक्की होऊ दे. मग आपण सावकाश भट्टी लावू, नव्याने करू, कुणाला पत्ताही लागायचा नाही. झाकली मूठ."

ती रागावली नाही. रागवायला जी ताकद लागते ती उरली नव्हती. शिवाय तो म्हणत होता ते तिच्याही मनात येऊन गेलं होतं, त्याच्या आधीच. दोनच दिवस. दोन दिवस गप्प राहायचं आणि मग रविवार आपला.

"आणि त्यांनी त्यावर औषध घालून बघितलं तर?" ती म्हणाली. "कुठलंही विष घाला, ही चिप जांभळंच सांगणार. सगळं ठीक आहे, द्या पेशंटला, असं सांगणार. उद्या ते कुणाच्या तरी मुलाच्या तोंडात जाईल, आम्लराव."

"इतक्या लवकर नाही हो जात औषध तोंडात. मधे शंभर चाळण्या असतात."

"त्यातली एक आपण ना?"

त्याने तिच्यापुढे खुर्ची सरकवली. "बसून करा फोन. उभ्याने असलं बोलू नये."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या मागे घरात कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. मॅडमनाही घर आहे हे तिला तेव्हा जाणवलं.

"सपाट चिप ठेवायला मीच सांगितलं होतं," मॅडम शेवटी म्हणाल्या.

"मीही कधी विचारलं नाही, मॅडम."

"मंगळवार मी रद्द करते. उद्या त्यांना मीच कळवीन, तू त्यात पडू नकोस. तुझ्या जागेचं... तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"घरी जा. पोर वाट बघत असेल."

निघण्यापूर्वी तिने त्या चिपा ब्लीचमध्ये बुडवल्या, नियमाप्रमाणे. जिवंत असोत वा मेलेल्या, पेशींना शेवटी तेच. द्रवावर बारीक बुडबुडे आले. इन्क्युबेटरमधला तो खण तिने पुसून घेतला, आणि पुसून झाल्यावरही पुन्हा एकदा पुसला.

घरी पोचली तर सासूबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पाण्याचं भांडं पुढे केलं. "बस जरा. अजून आंघोळ उरकायचीय तिची, पण असू दे. मी करते."

"नको, आई. मी करते."

न्हाणीघरात कोमट पाण्याची बादली, शेजारी मुंगी उभी, केसांना फेस. ती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. ओली, उबदार, इवलीशी पाठ, श्वासाबरोबर हलणारी. इथे कुठला रंग घालावा लागत नव्हता.

"आई, त्या जेवल्या?"

खोटं बोलायचं त्राण आज संपलं होतं. "नाही गं. त्या मेल्या, मुंगे."

"सगळ्या?"

"सगळ्या. आधीच मेल्या होत्या. मला आज कळलं."

"आधी म्हणजे कधी?"

"तेच कळत नाही. रंगावरून मला वाटत होतं, छान आहेत."

फेसाचा एक ओघळ तिच्या भुवईवर आला, तो आईने बोटाने बाजूला केला. मुंगी डोळे मिटून विचार करत होती. विचार करताना ती खालचा ओठ आत ओढी, अगदी बाबासारखी.

मग तिने साबणाचे हात आईच्या दोन्ही गालांवर ठेवले आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, त्या मेल्या तेव्हा तू त्यांच्याजवळ होतीस?"