डॉक्टरांचा काटा, खात्रीचे वजन

मित्रांनो, माझ्या मानेला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आहे आणि तिच्यावर 'पुरावा' असे लिहिले आहे. ही न्यायालयाची अडगळीची खोली. माझ्या एका बाजूला कुणाच्या तरी भांडणातला दरवाजा उभा आहे, दुसऱ्या बाजूला एक फुटकी पाण्याची टाकी आहे. आपण येथे कसे आलो याची त्या दोघांना फारशी खंत दिसत नाही. मला मात्र आहे. मी साधा, जुना वजनकाटा. उभे राहायला लोखंडी फळी, वर लांब मान आणि मानेवर ताटाएवढी गोल तबकडी. आयुष्यात मी कुणाशी खोटे बोललो नाही, तरीही आज मला कुणाला तोंड दाखवावेसे वाटत नाही. असे का झाले ते सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ज्या कारागिराने माझी स्प्रिंग बसवली तो मोठा खट माणूस होता. काटा केसभर जरी इकडे तिकडे झाला तरी तो मला पुन्हा उघडून बसे. शेवटी एकदाचे त्याचे समाधान झाले. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा, आता तुला खोटं बोलता येणार नाही." तेव्हा तो मला आशीर्वाद वाटला होता.

तेथून मी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलो. माझ्या मानेवर त्यांच्या दवाखान्याच्या नावाची पितळी पट्टी बसवण्यात आली. मुले मला घाबरत, कारण वजन झाले की पुढे इंजेक्शन असते हे त्यांना पाठ झाले होते. मोठ्या माणसांची तर आणखीच गंमत. आया मुलाला दाखवायला येत आणि जाता जाता हळूच स्वतः चढून बघत. कुणी पर्स खाली ठेवी, कुणी चपला काढी. एक गृहस्थ तर श्वास रोखून उभे राहत, जणू सगळे वजन हवेचेच होते. माझी फळी जरा डुगडुगायची. म्हणून तिथल्या नर्सबाई प्रत्येक मुलाला उतरताना हात देत. दवाखान्यात कितीही गर्दी असो, त्यांचा हात कधी चुकला नाही.

एके दिवशी एक आई कापडात गुंडाळलेले बाळ घेऊन आली. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली मुलगी होती ती. एवढासा जीव माझ्यावर कसा ठेवणार? नर्सबाईंनी आधी आईला बाळासकट उभे केले, मग आईला एकटीला, आणि वजाबाकी केली. उत्तर इतके कमी आले की सोबत आलेल्या बाळाच्या बाबांना वाटले, यांचे गणितच चुकले. घरात त्या मुलीला सगळे चिमणी म्हणू लागले. बाबा घरोघरी विजेची कामे करत, आई कपडे शिवायची. त्या पोरीसाठी दोघांनी रात्रीचा दिवस केला. माझा काटा थोडा जरी पुढे सरकला तरी बाबा दवाखान्यातच टाळ्या वाजवत आणि डॉक्टरीणबाई हसून म्हणत, "वाढू दे, वाढू दे." काटा पुढे सरकणे म्हणजे पोर जगणे, एवढाच अर्थ त्या घराला ठाऊक होता. मलाही त्या दिवसांत माझ्या कामाचा फार अभिमान वाटे.

पुढे दवाखान्यात लाल आकडे दाखवणारे चपटे यंत्र आले आणि माझी रवानगी भंगारात झाली. जुन्या सायकलींच्या ढिगात मी गंज खात पडलो होतो. तेथून मला उचलले खाण्याच्या एका दुकानाच्या मालकाने. माणूस हसतमुख, तोंडात साखर असल्यासारखा बोलणारा. त्याच्या दुकानात तळलेले बटाटे, चीज ओसंडणारे पाव आणि बादलीएवढ्या ग्लासातली थंड पेये मिळत. त्याने मला लाल रंग दिला आणि तबकडीभोवती छोटे दिवे लावले. रंगारी माझ्या मानेवरची पितळी पट्टी काढायला लागला, तेव्हा मालक घाईघाईने म्हणाला, "ती राहू दे. तिच्यासाठीच तर हा घेतलाय." मग माझ्या डोक्यावर पाटी लागली: 'डॉक्टरांचा काटा, खात्रीचे वजन. मुलाचे वजन जितके किलो, तितके टक्के सूट.'

लोकांनी ती योजना डोक्यावर घेतली. तीस किलोच्या मुलाच्या घरच्यांना तीस टक्के सूट, चाळीस किलोच्या मुलाच्या घरच्यांना चाळीस. शिवाय दर महिन्याला ज्याचे वजन सगळ्यांत जास्त वाढले असेल त्या मुलाला 'वजनदार पाहुणा' म्हणत. माझ्यावर उभे करून त्याचा फोटो काढत, खाली वजनाचा आकडा लिहीत आणि तो फोटो भिंतीवर टांगत. दवाखान्यात माणसे हलकी व्हायला बघायची, येथे जड व्हायला बघू लागली. मुलांना पाण्याची बाटली घटाघटा प्यायला लावून माझ्यावर चढवत. सगळे हसत, मालकही हसे. रांगेतले लोक माझे कौतुक करत, 'काय नामी युक्ती आहे,' म्हणत. मी दिव्यांच्या झगमगाटात उभा राहून तेही ऐकून घेतले.

आणि एके संध्याकाळी चिमणी आली. आता ती शाळेत जात होती. आईने माझ्या मानेवरची पट्टी वाचली आणि ती थबकली. हा आपल्या डॉक्टरांकडचाच काटा, असे तिने बाबांना सांगितले. बाबांना कोण आनंद! जुना नातेवाईक भेटावा तशी त्यांनी माझी पाठ थोपटली. ज्या काट्याने आपली पोर वाचवली तो येथे आहे, म्हणजे या दुकानात वावगे काही नसणार, असे त्यांना वाटले. ते भाबडे होते. पण त्यांच्या भाबडेपणाला माझ्या गळ्यातली पट्टी कारण झाली, हे मी कसे विसरू?

सूट वाढावी म्हणून बाबा गमतीने चिमणीच्या खिशात आपली पक्कड आणि पेचकस घालत. मालक बघून न बघितल्यासारखे करी आणि डोळा मारी. बघता बघता ते दर आठवड्याला येऊ लागले, मग आठवड्यातून अनेकदा. चिमणीचे फोटो भिंतीवर एकाशेजारी एक चढत गेले. पहिल्या फोटोत तिचा फ्रॉक अंगावर लोंबत होता. पुढच्या फोटोंत तोच फ्रॉक आधी नीट बसला आणि नंतर तटतटला. शाळेत तिला वजनावरून चिडवत, हे ती एकदा आईला सांगताना मी ऐकले. येथे त्याच वजनाला टाळ्या पडत. मालक तिला 'आमची राणी' म्हणे आणि पुरते हरभऱ्याच्या झाडावर चढवी. मग ती पोर येथे येणार नाही तर कुठे जाणार? एकदा फळी डुगडुगली आणि ती उतरताना गुडघ्यावर आपटली. हात द्यायला कुणी नव्हते. मालकाने धावत जाऊन आइस्क्रीम आणले.

मग ती येईनाशी झाली. काय झाले ते मला पुढे न्यायालयात कळले. तिला सारखी तहान लागे, पायऱ्या चढताना धाप लागे, आणि एक दिवस ती शाळेत चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी तपासले तर रक्तात साखर वाढलेली. एवढ्या लहान वयात जन्माचे दुखणे मागे लागले. इतकी वर्षे वजन कुठे केले नाही का, असे त्यांनी रागाने विचारले. बाबा म्हणाले, "केलं ना. तुमच्याच काट्यावर."

आईबाबांनी दुकानावर दावा लावला. ती योजना बंद व्हावी आणि चिमणीच्या उपचारांचा भार दुकानाने उचलावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. लोकांनी तोंडसुख घेतले. स्वतः खायचे आणि दुकानदाराला कोर्टात खेचायचे, हा कुठला न्याय, असे जो तो विचारू लागला. मला दिव्यांसकट, लाल रंगासकट न्यायालयात नेऊन उभे केले तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. त्या गंभीर खोलीत मी जत्रेतल्या खेळण्यासारखा दिसत होतो. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

मालकाच्या वकिलांनी पहिल्याच दमात हात झटकले. आम्ही कुणाच्या तोंडात घास कोंबला नाही, भाव आणि पदार्थ पाटीवर लिहिलेले होते, आवडले म्हणून लोक येत होते, असे ते म्हणाले. भिंतीवरचे फोटो पुढे आले तेव्हा त्यांनी नवीच वाट काढली. हा काटा भंगारातला, त्यावर विश्वास कोण ठेवणार? शिवाय बाप पोरीच्या खिशात हत्यारे भरत होता. फोटोखालचे आकडे खरे कशावरून? मग ते चिमणीकडे वळून म्हणाले, "मुलगी इथेच आहे. चढू द्या तिला काट्यावर. दवाखान्यातल्या आकड्याशी आत्ताच ताडून बघू."

पूर्वी माझ्यावर उडी मारून चढणारी चिमणी आईच्या पाठीमागे सरकली. तिने आईच्या पदराआड तोंड लपवले. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या मुलीचे ग्रॅम ग्रॅम मोजताना मी मनातून नाचलो, ती आज मला बघून लपत होती.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मुलगी चढणार नाही," त्या म्हणाल्या. "वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकांना बोलवा."

निरीक्षक लोखंडी वजने घेऊन आले आणि एकेक माझ्यावर ठेवू लागले. माझा जीव टांगणीला लागला. मी चुकलो असतो तर मालक सुटला असता. मी बरोबर ठरलो तर भिंतीवरचे सगळे आकडे भर खोलीत खरे ठरणार होते, आणि ते ज्या मुलीचे होते ती समोर बसली होती. पण कारागिराने माझ्या हातात काही ठेवलेच नव्हते. काटा जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. मग कारकुनाने एकेक फोटो उचलून आकडे मोठ्याने वाचले. चिमणीने कानांवर हात ठेवले.

न्यायाधीशबाईंनी बाबांना हत्यारांबद्दल विचारले. बाबा मान खाली घालून म्हणाले, "सुरुवातीला भरायचो, मॅडम. नंतर भरायची गरजच राहिली नाही."

आता वकील आईकडे वळले. तुम्ही तर कपडे शिवता, पोरीचे अंग वाढत होते ते तुम्हाला दिसले नाही का, असे त्यांनी टोचून विचारले. आईने कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"दिसत होतं," ती म्हणाली. "माझ्या गळ्यात टेप असतो. तिचा प्रत्येक फ्रॉक मी उसवून सैल केलाय. टेपवर काय दिसतंय ते मी कधी मोठ्यानं बोलले नाही. त्याची मला लाज वाटते, मरेपर्यंत वाटेल. पण यांनाही दिसत होतं ना? मी शिवण उसवत होते तेव्हा हे तिचा फोटो काढत होते."

मालक त्याच्या जागेवर बसून होता. त्याच्या तोंडची साखर कुठे गेली होती कोण जाणे. तो भिंतीवरून आणलेल्या फोटोंकडे बघत नव्हता, माझ्याकडेही बघत नव्हता.

निकाल लागला. न्यायाधीशबाईंनी स्पष्टच सांगितले की माणूस काय खातो याचा सगळा जाब दुकानदाराला विचारता येणार नाही. घरानेही डोळ्यांवर कातडे ओढले होते, म्हणून उपचारांचा काही भार घराने सोसावा. पण जो मुलाचे वजन स्वतः करतो, ते वाढताना बघतो आणि वाढले म्हणून बक्षीस देतो, त्याला 'मला माहीत नव्हते' असे म्हणता येणार नाही. बाकीचा भार दुकानाने उचलायचा, योजना त्याच दिवशी बंद करायची, डॉक्टरांच्या नावाची पट्टी काढायची. कुणीही विजयाने हसले नाही. आईबाबा उठले तेही खालमानेने.

शिपायांनी तिथेच माझी पट्टी काढली आणि मला येथे आणण्याआधी थोडा वेळ बाहेरच्या कट्ट्यापाशी ठेवले. येणारे जाणारे माझ्यासमोर थांबत, दिवे बघत, फळीवर पाय ठेवून बघत. आईचा हात धरून चिमणी बाहेर आली. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मानेवरची पट्टीची रिकामी जागा तिने बोटाने चाचपली. मग आईचा हात सोडून तिने मला दोन्ही हातांनी ढकलत ढकलत फिरवले आणि माझी तबकडी भिंतीकडे केली.

"आता कुणी बघणार नाही," ती हळूच म्हणाली.

हे ती मला म्हणाली की स्वतःला, ते मला आजही कळलेले नाही. शिपायांनी मला या खोलीत आणले तेव्हाही भिंतीकडे तोंड करूनच ठेवले. मी तसाच उभा आहे आणि तेच मला शोभते.

मित्रांनो, मी खरे बोललो, पण ज्याने ते ऐकून मुलीला सांभाळायला हवे होते त्याने टाळ्या वाजवल्या. तुमच्याही शाळेत, तुमच्याही घरात कुणीतरी काट्यावर चढेल. तो आकडा बघून हसू नका, टाळ्या वाजवू नका, त्याच्या जिवावर कुणाला दुकान चालवू देऊ नका. माझ्यासारख्यांची फळी नेहमीच डुगडुगते. जो चढेल त्याला उतरताना हात द्या.